फार्मसीच्या खिडकीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी नानांना ल्युप्रोलाइडचं, म्हणजे या कॅन्सरला पोसणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरवणाऱ्या औषधाचं, महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालंय. ते घ्यायला नाना तयार झाले ते तुमच्यामुळे, म्हणून हे जाहीर आभार. नाव लिहीत नाही. विचारलं असतं तरी तुम्ही नकोच म्हणाला असतात.

नानांची शंका तशी रास्त होती. हेच औषध पूर्वी रोज टोचायचे, हे त्यांच्या कानावर आलेलं. मग महिन्याभराचा माल एकदम अंगात सोडला आणि पहिल्याच दिवशी सगळा भिनला तर? ओपीडीच्या गर्दीत असलं काही विचारायला सवड कुठली. ‘डॉक्टरांना कळतं’ हे माझं उत्तर नानांपुढे चालत नाही.

तुम्ही आधी विचारलंत, शेतात काय आहे? तासगावची द्राक्षबाग म्हटल्यावर तुमचं निम्मं काम झालं. फवारणीच्या टाकीत तेलकट औषध ओतलं की पाणी दुधासारखं होतं, हे नाना जन्मभर बघत आलेत. पाण्यात तेलाचे थेंब. आता त्या प्रत्येक थेंबाच्या पोटात पुन्हा पाण्याचे बारीक थेंब आहेत असं धरा, म्हणालात, आणि औषध आहे ते त्या आतल्या पाण्यात. हे दुहेरी इमल्शन.

मग तुम्ही बिलाच्या पाठीवर गोल काढत गेलात आणि मागची रांग वाढत गेली (त्या मंडळींचेही आभार). ल्युप्रोलाइड नऊ अमिनो आम्लांची साखळी. गोळी करून गिळली तर पोटात पचून जाईल. ते जिलेटिनच्या पाण्यात विरघळवायचं. ‘तेल’ म्हणजे डायक्लोरोमिथेन या चटकन उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळलेलं पीएलजीए नावाचं पॉलिमर, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची लांब साखळी. दोन्ही जोरात घुसळायची, थंड करून आतलं पाणी घट्ट करायचं, म्हणजे औषध बाहेर पळत नाही. मग हे सगळं पीव्हीएच्या (थेंब एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पदार्थाच्या) पाण्यात सोडून पुन्हा ढवळायचं. डायक्लोरोमिथेन उडून गेलं की तेलाचा थेंब घट्ट होऊन डोळ्यांना न दिसणारी गोळी उरते, औषध आत कोंडलेलं. जपानच्या ताकेदा कंपनीत ओगावा आणि सहकाऱ्यांनी ही रीत बसवली, १९८८ मध्ये त्यावर लिहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत महिन्याच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली.

तुमच्या एम. फार्म.च्या प्रोजेक्टचा विषयही हाच होता, हे ओघात कळलं. दुसऱ्यांदा ढवळताना हात जरा जड झाला की आतले थेंब फुटून बाहेरच्या पाण्यात मिसळतात. आतल्या नि बाहेरच्या पाण्यात मिठाचा फरक पडला तरी थेंब फुगतात किंवा आक्रसतात. ‘कागदावर सोपं आहे हो,’ म्हणालात. ते हसणं बघूनच नानांचा तुमच्यावर विश्वास बसला असावा, असं मला वाटतं.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. गोळीच्या पृष्ठभागालगतचं थोडं औषध सुरुवातीलाच सुटतं, ते टळत नाही. बाकीचं पॉलिमर झिजेल तसं. शरीरातलं पाणीच पीएलजीएची साखळी तोडत जातं. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन शेवटी त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. टोचलेलं काढायला परत यावं लागत नाही, हे नानांना फारच आवडलं.

सिस्टरांनी औषध कालवलं तेव्हा तुम्ही आम्हाला ते उजेडात धरून दाखवलंत. पांढरं, गढूळ. लगेच टोचायचं, नाहीतर गोळ्या तळाशी बसतात, हेही सांगितलंत. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी मदत वेगळीच. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उतरण्याआधी चढतं, हाडं जास्त दुखू शकतात, त्यासाठीच्या गोळ्या दिल्यात का ते डॉक्टरांना विचारून घ्या, असं तुम्ही बजावलंत. गोळ्या दिलेल्या होत्याच, पण कशासाठी ते आम्हाला माहीत नव्हतं. नानांची कंबर खरंच दुखली तेव्हा घरात रडारड झाली नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तपासलं, एवढंच.

आता नानांना कळलंय की तीन महिन्यांचंही इंजेक्शन मिळतं. त्यात ग्लायकोलिक वगळून नुसतं लॅक्टिकचं पॉलिमर वापरतात, ते सावकाश झिजतं, इथपर्यंत मी वाचून सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, मग वर्षाचं का करत नाहीत? ते विचारायला पुढच्या डोसला येतायत, बेदाणे घेऊन. नको म्हणू नका, ते ऐकायचे नाहीत.

तुमचा,
नानांचा मुलगा