विनूमामाबद्दल

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गांजा घेतोस म्हणालास आणि मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलंच. "पोरगा लपवाछपवी न करता सांगत होता, ऐकून तरी घ्यायचंस," असं म्हणून बाबा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलतायत.

तुझे मुद्दे मी नंतर एकेक करून आठवले. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, ३० ग्रॅमपर्यंत खिशात असला तरी कुणी हटकत नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं गांजावर बंदी घातली, पण भांगेची पानं वगळली. १८९३ साली इंग्रजांनी नेमलेल्या आयोगालाही बेतानं घेणाऱ्यांत फारसा अपाय दिसला नव्हता. सगळं खरं. चिमूटभर गांजासाठी पोरांना तुरुंगात टाकू नये, हेही मला मनापासून पटतं. कायद्यावरून माझं तुझ्याशी भांडण नाहीच.

मला विनूची भीती वाटते.

तू त्याला झोपाळ्यावर गप्प बसलेला मामा म्हणूनच पाहिलंस. 'मामाला बरं नसतं' एवढंच आम्ही तुला सांगत आलो. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, तुझ्यासारखाच गणितात पहिला. खोलीवरच्या मुलांबरोबर चिलीम सुरू झाली. सुट्टीत घरी आला तेव्हा शर्टाच्या खिशात चिलमीला गुंडाळायची ओली साफी निघाली. आजीला वाटलं रुमाल, तिनं धुऊन दोरीवर वाळत घातली. त्या दिवाळीत सांगली आकाशवाणी लागली की हा उठून रेडिओवर टॉवेल टाकायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, "ताई, हळू बोल. तो माझंच नाव घेतोय." एकवीस वर्षांचा होता.

नुसत्या गांजानं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मुळात कल असावा, गांजानं आजार वर काढला, असं म्हणाले. त्याच्याबरोबर ओढणारी बाकीची मुलं नोकऱ्यांना लागली, संसारात रमली. कुणाला बाधेल ते आधी कळत नाही रे. पण आपल्या घरात बाधलंय. माझ्या माहेराकडून तुला नाक आलं, गणित आलं. आणखी काय आलं असेल?

तुमच्या कॅनडा सरकारच्याच सूचना मी वाचून काढल्या. घरात कुणाला विनूसारखा स्किझोफ्रेनिया असेल तर गांजा टाळा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तिथल्या क्वेबेक प्रांतानं तर वयाची अट २१ वर नेली. तू २२ चा आहेस, पण मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत... जाऊ दे. पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. माफ कर. तुला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी आख्ख्या शाळेला पेढे वाटले होते, शिपायानं दोन मागितले तर चार दिले. तू शहाणा आहेस, मला माहीत आहे.

फक्त, "झोप लागत नाही म्हणून घेतो" असं म्हणालास ना, ते डोक्यातून जात नाही. झोप का लागत नाही तुला? कधीपासून? विनूचीही आधी झोपच गेली होती.

सौरभला हे कळवू का, असं आज मी त्याला विचारलं. पाय टेकवून त्यानं झोपाळा थांबवला. बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "लिही. साफीचंही लिही."

रविवारी फोन कर. मी मध्येच ठेवणार नाही.

तुझी,
आई