ऋचाच्या अर्जातला वंशाचा रकाना

ती. दादा आणि वहिनी,
सा. न.

वहिनी, तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला. अमेरिकेतली नावाजलेली कॉलेजं आशियाई मुलांना कापतात, तेव्हा ऋचाने फॉर्ममध्ये भारतीय असल्याचं लिहूच नये, असं त्यात म्हटलंय. फोनवर हे नीट सांगता येत नाही, आकडे मध्येच निसटतात, म्हणून सविस्तर लिहिते. त्या मेसेजमधलं अर्धं इथे अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या भाचरांना लागू पडतं. ऋचाला नाही. आणि तिला जे लागू पडतं त्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

दादा, आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. हे आपल्याकडच्या आरक्षणासारखं नाही. महाराष्ट्रात जागा ठरलेल्या असतात. ५२ टक्के, वर ईडब्ल्यूएसचे १०, २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाचे १०. आणि जात पडताळणीचा दाखला वेळेत आला नाही तर राखीव जागा हातची जाते. इथे ठराविक जागा राखून ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात, बेकायदा ठरवलं. त्यानंतर वंश हा अर्ज वाचताना बघायच्या अनेक गोष्टींपैकी एक होता आणि २००३ च्या ग्रटर खटल्यातही तो टिकला. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यांत न्यायालयाने तेही थांबवलं. मात्र सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच लिहिलं आहे की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः मांडलं तर कॉलेज ते वाचू शकतं. म्हणजे वंशाच्या रकान्यातल्या नुसत्या खुणेला आता वजन नाही, निबंधात सांगितलेल्या अनुभवाला आहे. सगळा बदल एवढ्यात आला.

निकालानंतर काळी आणि लॅटिनो मुलं अर्जच करायची थांबतील अशी भीती होती. तसं झालं नाही. कॉमन अॅप म्हणजे हजारावर कॉलेजांचा सामाईक फॉर्म. त्यावर या मुलांची संख्या वाढतच गेली, तीही इतरांपेक्षा वेगाने. बदललं ते पुढच्या टप्प्यावर, प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्या मुलांच्या आकड्यांत. एमआयटीत २०२४ मध्ये दाखल झालेल्या वर्गात काळे विद्यार्थी ५ टक्के झाले, आधीची सरासरी १३ होती. आशियाई ४० वरून ४७ वर गेले. अॅम्हर्स्टमध्ये काळे विद्यार्थी ११ वरून ३ टक्क्यांवर आले. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. आपल्या मुलांच्या टक्केवारीचा आनंद साजरा करणारे मेसेज फिरत होते, ते मला आवडले नाहीत.

पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. त्याच वर्षी येलमध्ये आशियाई ३० वरून २४ टक्क्यांवर घसरले, प्रिन्स्टनमध्ये २६ वरून साधारण २४ वर, आणि हार्वर्डमध्ये ३७ वरच राहिले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, हार्वर्डमध्ये आशियाई ४१ टक्के आणि काळे साडेअकरा टक्के झाले, प्रिन्स्टनमध्ये काळे ५ टक्क्यांवर आले. निकाल एकच असताना असं का? एक कारण आकडे मोजण्यातच आहे. वंश न सांगणाऱ्यांचं प्रमाण २०२४ मध्ये हार्वर्डमध्ये ४ वरून ८ टक्के झालं, प्रिन्स्टनमध्ये पावणेदोनवरून पावणेआठ टक्क्यांपर्यंत गेलं. ही मुलं कुठल्या गटातली, हे टक्केवारीत दिसतच नाही. शिवाय एखादं कॉलेज दोन वंश सांगणाऱ्या मुलाला दोन्हीकडे धरतं, तर इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, केंद्र सरकारच्या तक्त्यात तो 'दोन किंवा अधिक वंश' या वेगळ्या ओळीत जातो. हिस्पॅनिक असल्याचं सांगितलं की बाकी काहीही लिहिलेलं असो, तो फक्त हिस्पॅनिक. त्यामुळे एकाच वर्गाचे दोन वेगळे आकडे छापून येतात आणि दोन्ही खरे असतात. सगळ्यात मोठी गफलत म्हणजे हे प्रवेश घेतलेल्यांचे आकडे असतात. अर्ज किती आले, निवड किती जणांची झाली हे शेजारी नसेल तर 'कापलं' की नाही ते यावरून कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कॉलेजांना अर्जदार, निवडलेले आणि प्रवेश घेतलेले अशा तिन्ही टप्प्यांचे वंशनिहाय आकडे द्यायला सांगितलं, ते यासाठीच.

आता ऋचाचं. केंद्राच्या तक्त्यात 'आशियाई' म्हणजे अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. भारताचा पासपोर्ट घेऊन कोल्हापुरातून अर्ज करणारी मुलगी त्या ओळीत येतच नाही. तिची गणना 'अनिवासी' या वेगळ्या ओळीत होते, तिचा वंश कुठलाही असो. एमआयटीतल्या त्या ४७ टक्क्यांनी तिची संधी वाढली नाही आणि येलच्या २४ टक्क्यांनी घटली नाही. इथे एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांवर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर, वाढलेल्या आपल्या मराठी मुलांचीही हीच गत असते. पहिलीपासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या शाळेत शिकूनही कागदावर ती परदेशी, केंद्राची आर्थिक मदत त्यांना बंद.

इथल्या नागरिक भारतीय मुलांची तक्रार मात्र पोकळ नाही. अकरा निवडक कॉलेजांकडे २०१५-१६ पासून पाच हंगामांत आलेले ६,८५,७०९ अर्ज तपासणारा एक अभ्यास आहे. परीक्षेचे गुण, शाळेतले गुण, उपक्रम सारखे असताना गोऱ्या अर्जदारांच्या तुलनेत आशियाईंचे प्रवेशाचे ऑड्स, म्हणजे निवड होणं आणि न होणं यांचं गुणोत्तर, २८ टक्क्यांनी कमी निघालं. दक्षिण आशियाई मुलांसाठी ते ४९ टक्क्यांनी कमी होतं. यातला बराच भाग दोन गोष्टींनी उलगडतो. आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असले की मिळणारं झुकतं माप गोऱ्या मुलांना जास्त मिळतं, आणि आपली मुलं मोजक्याच राज्यांत दाटलेली असताना कॉलेजांना सगळ्या राज्यांतली मुलं हवी असतात. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांतही माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य द्यायला बंदी केली, आणि ती योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. वंशाच्या खुणेवर सगळे तुटून पडतात; श्रीमंतीच्या या दारावर इतकी वर्षं फार कमी जण बोलले.

फॉर्म भरताना ऋचाने असं करावं. कॉमन अॅपच्या प्रोफाइलमध्ये डेमोग्राफिक्सचा भाग आहे. हिस्पॅनिक आहात का, याला 'नो'. त्याखाली वंशाच्या यादीत 'एशियन', आणि ते निवडल्यावर उघडणाऱ्या यादीत 'इंडिया'. 'अमेरिकन इंडियन' हा पर्याय वर दिसतो, तो इथल्या आदिवासी जमातींचा. घाईत आपली मुलं त्यावर खूण करतात आणि अर्ज विसंगत दिसतो. हा प्रश्न ऐच्छिक आहे, रिकामा सोडला तरी चालतं. पण सोडून काही साधत नाही. ऑगस्ट २०२३ पासून कॉलेजांना हे उत्तर अर्ज वाचणाऱ्यांपासून झाकून ठेवता येतं, आणि नाव, शाळा, बोर्ड, पत्ता हे सगळं तर समोर असतंच. खोटं मात्र लिहायचं नाही. उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जातो. खरा वजनदार रकाना त्याच्या पुढचा, नागरिकत्वाचा. तिथे बिगर-अमेरिकी नागरिक, देश भारत, सध्या व्हिसा नाही, पुढे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेणार. याच उत्तराने तिचा अर्ज परदेशी विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यात जातो आणि भारताचे अर्ज बघणाऱ्या वाचकापुढे येतो.

आणि त्या गठ्ठ्यात निवड ठरवणारी मोठी गोष्ट आहे पैसा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट, डार्टमथ इथे परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली तरी निवडीवर परिणाम होत नाही, आणि निवड झाली तर गरजेइतकी पूर्ण मदत मिळते. बहुतेक बाकीच्या ठिकाणी मदत मागणं हा निवडीत विचारात घेतला जाणारा मुद्दा असतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत जवळजवळ नाहीच. बर्कलीचं नाव कितीही मोठं असलं तरी यादीतून काढा. इकडे मदत मागायची नाही आणि निवड झाल्यावर बघू, असं करू नका. अर्जात 'नको' म्हटलेलं नंतर 'हवी' करायला अनेक कॉलेजं नकार देतात.

दादा, यात तुझं काम आहे. बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा उत्पन्नाचा फॉर्म लागतो. आयटीआर आणि फॉर्म १६ दिलं की झालं असं नाही. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त असतं म्हणून लोक ते लिहितच नाहीत, पण या फॉर्ममध्ये करमुक्त उत्पन्नाचा रकाना स्वतंत्र आहे. कारखान्याची दोन हंगामांची ऊसबिलं आणि बँकेचा उतारा काढून ठेव, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जमीन सामाईक आहे, तेव्हा सातबाऱ्यावरचं पूर्ण क्षेत्र तुझ्या नावावर दाखवू नकोस. तुझा हिस्सा किती आणि वाटणी झालेली नाही हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात चार ओळींत लिही. तिथला वाचक एकत्र कुटुंबाचा सातबारा ओळखत नाही, त्याला सगळी जमीन तुझीच वाटेल आणि मदत घटेल.

निबंध ६५० शब्दांचा, शिवाय प्रत्येक कॉलेजचे छोटे प्रश्न. निकालानंतर अनेकांनी 'तुझ्या जडणघडणीने काय दिलं' असा प्रश्न घातला. हार्वर्डचा तर १५० शब्दांचा आहे. इथे ऋचा गणपती, दिवाळी, वसुधैव कुटुंबकम् लिहील तर ती इतर शेकडो अर्जांसारखी दिसेल. दोन वर्षं ती दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी बसते, फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांच्या) पावत्या लिहिते, तेच लिहायला सांग. एकाच म्हशीचं दूध सकाळ-संध्याकाळ वेगळी फॅट का दाखवतं, मशिन साफ न केल्यास कुणाचे किती रुपये जातात, त्यावर तिने वहीत काय नोंदवलं. ती कुठून आली, कोणत्या घरातली, हे त्यातून आपोआप कळतं.

एसएटी ही प्रवेश परीक्षा द्यायलाच हवी. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनी ती किंवा तिच्यासारखीच एसीटी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे, आणि स्टेट बोर्डाची टक्केवारी न ओळखणाऱ्या वाचकाला तो एकच सरळ तुलनेचा आकडा असतो. शाळेकडून नववीपासूनच्या गुणपत्रिका सही-शिक्क्यासह आणि 'स्कूल प्रोफाइल' नावाचं एक पान लागेल, त्यात वर्गात किती मुलं, ९० टक्क्यांच्या वर किती, हे हवं. मुख्याध्यापकांनी असं पान पूर्वी केलं नसेल, त्यामुळे सुट्ट्या लागण्याआधीच त्यांना भेट. नमुना मी वेगळा पाठवते. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. कॉमन अॅपवर ती अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार, म्हणजे ऋचासाठी भारतातल्या वेळेनुसार, त्याच रात्री ११:५९ ला संपते, पण तेवढ्यावर विसंबू नका, शेवटच्या रात्री साइट अडकते.

वहिनी, वरचा परिच्छेद ऋचाला आधी वाचायला द्या, तिचे प्रश्न तिनेच मला लिहू देत. आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळवा.

तुमची,
मंजू