आईच्या सीटवर जाऊन बसलेल्या दादांना

दादा,

त्या दिवशी तुम्ही आमच्या गाडीचा एसी दुरुस्त केलात, पण घाईत तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले. बिल दिलं, आईला गाडीत बसवलं आणि निघाले. तिला वेळेवर पोचवायचं होतं. पण तेव्हापासून रोज गाडी सुरू केली की तुमची आठवण येते, आणि अजूनही घसा दाटून येतो.

माझ्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तिला पाणी मोजून प्यावं लागतं. आपल्याला उकडलं की आपण बाटली तोंडाला लावतो, तिला ती सोय नाही. म्हणून गाडीतला एसी आमच्यासाठी चैन नाही. भर उन्हाळ्यात मागच्या सीटवर तिचे ओठ सुकलेले आरशात दिसायचे आणि मला समोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन गॅरेजमध्ये जाऊन आले होते. पहिल्याने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "एसीचा गॅस संपलाय." भरला. महिन्याभरात दुसऱ्याकडे गेले, त्यानेही भरला. तिसरा म्हणाला कॉम्प्रेसरच, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंपच बदला, आणि आकडा असा सांगितला की मी गप्प बसले. मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते, की गाडी पळत असली की गार होतं, सिग्नलला थांबली की गरम हवा येते. एकानेही ते कानावर घेतलं नाही. तिघांनीही पुढच्या व्हेंटसमोर, म्हणजे जिथून हवा येते त्या झडपेसमोर, तळहात धरला, "येतंय की गार" म्हणाले, आणि मला आईची जास्तच काळजी करणारी मुलगी ठरवून मोकळे झाले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही माझं वाक्य पूर्ण होऊ दिलंत. मग आईला आत पंख्याखाली बसवलंत, गाडी उन्हात उभी केलीत, इंजिन आणि एसी चालू ठेवला, चारही काचा वर केल्यात आणि मागचं दार उघडून आईच्या जागेवर जाऊन बसलात. मी बाहेरून बघत होते. पाच मिनिटांत तुमचा शर्ट पाठीला चिकटला. तुम्ही उठला नाहीत. दहाएक मिनिटांनी बाहेर आलात, चेहरा पुसलात आणि आईला म्हणालात, "मावशी, इतके दिवस कसं सोसलंत?"

एवढंच. बाकी दुरुस्ती कुणीतरी कधीतरी केलीही असती. पण जिला त्रास होत होता तिच्या जागी बसून बघावं, हे तीन ठिकाणी कुणाला सुचलं नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंत की नाही मला माहीत नाही.

पुढचं सगळं तुम्ही मला समोर उभं करून दाखवलंत. रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते ती कंडेन्सरची, गाडीच्या आतली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. गाडी पळताना तिच्यावर आपोआप वारा बसतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं, आणि आमचा पंखा फिरतच नव्हता. शिवाय जाळीत धूळ आणि किडे गच्च बसलेले. उष्णता बाहेर जायला वाटच नाही, मग आतला दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्यात दोनदा जादा भरलेल्या गॅसने दाब आणखी चढवला होता. म्हणजे ज्याला इलाज म्हणून पैसे दिले त्यानेच दुखणं वाढवलं होतं! गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो, आणि महिन्याभरात कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जादा गॅस तुम्ही हवेत सोडला नाहीत. मशीन लावून काढून घेतलात. आमच्या गाडीतला आर-१३४ए हा एसीचा गॅस वातावरणात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो, हे मी नंतर वाचलं. तुम्ही मात्र तेव्हा "हा सोडायचा नसतो, ताई" एवढंच म्हणालात. कुणी जाब विचारणार नसताना माणूस असं वागतो तेव्हा मला त्याच्या हातात गाडीच काय, घराची किल्लीही द्यावीशी वाटते.

डॅशबोर्डच्या कप्प्यामागून काढलेला केबिन फिल्टर, गाडीतली हवा गाळणारा, अजून डोळ्यांसमोर आहे. मूळचा पांढरा असेल असं वाटतच नव्हतं. घड्यांमध्ये राखाडी धुळीचा थर, केस, वाळक्या पानांचा चुरा. तुम्ही तो एकदाच आपटलात आणि खाली छोटासा ढीग पडला. आई जे श्वासातून घेत होती ते असं होतं.

निघताना तुम्ही जे सांगितलंत त्यातलं मी काहीच विसरले नाही. उन्हात तापलेली गाडी बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असते, म्हणून आधी समोरची एक काच खाली करून पलीकडचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करते. भट्टीतली वाफ निघावी तशी हवा बाहेर पडते. मग आईला बसवते. पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गाडी चालवते, मग काचा वर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, कारण गार झालेली हवा पुन्हा गार करायला कमी कष्ट पडतात. लांबच्या वाटेवर मधूनमधून ते बंद करून ताजी हवा घेते, नाहीतर डोळ्यांवर झापड येते. मागे व्हेंट नसल्याने मधल्या व्हेंटचं तोंड वर करून ठेवलंय. थंड हवा जड, ती वरून मागे जाऊन आईच्या अंगावर उतरते. घराजवळ आलं की एसी बंद, नुसता ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा चालू, त्याने हवा गार करणारी कूलिंग कॉइल सुकते. ओल्या कॉइलचा तो कुबट वास आता येत नाही. गाडी सावलीत लावायला चार पावलं जास्त चालावी लागली तरी चालते.

आणि तुम्ही म्हणाला होतात, फार गार वाटलं तर तापमानाची नॉब गरमकडे फिरवू नका, आधी ब्लोअर कमी करा. आमच्यासारख्या साध्या नॉबच्या गाडीत गार केलेल्या हवेत इंजिनची गरमी मिसळली जाते, इंधन जाळून केलेला गारवा फुकट जातो. ते ऐकताना मला वाटलं होतं, हे सांगून काय उपयोग, आमच्या गाडीत फार गार कधी होणार?

परवा दुपारी मोठ्या सिग्नलला अडकलो होतो. ऊन नुसतं रखरखत होतं. मी सवयीने आरशात पाहिलं. आईने पदर खांद्यावर ओढून घेतला होता. म्हणाली, "अगं, ब्लोअर जरा कमी कर."

मी कमी केला, दादा.

तुमची,
मागच्या सीटवर बसणाऱ्या मावशींची मुलगी