खोडलेली तारीख

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आपटलास, त्यावर लिहीत नाहीये. शर्यतीतला तुझा फोटो बाबा दिसेल त्याला दाखवतात. मीही दाखवते. छान पळालास. पळण्याआधी इको, ती हृदयाची सोनोग्राफी, तेवढा करायचा होतास... बघ, आलेच त्यावर.

"लहानपणीचा ताप तो, किती उगाळणार?" म्हणालास. तीन वर्षांचा होतास. ताप हटेना, डोळे लाल पण चिपडं नाहीत, जीभ लालभडक, खरखरीत. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं. सातव्या दिवशी दुसऱ्यांनी ओळखलं, कावासाकी. जपानी डॉक्टरांनी 1967 साली मांडलेला, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. बाबांना नाव ऐकून मोटारसायकलच आठवली. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटीबॉडीज, दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं, म्हणून त्याच रात्री लावलं. रात्रभर मी थेंब मोजत होते. पुढच्या आठवड्यात नखांच्या कडेपासून बोटांची कातडी सुटली. तू पापुद्रे सोलून माझ्या तळहातावर ठेवायचास, मोजून. ताईला तेव्हा मावशीकडे ठेवलं, ते ती अजून ऐकवते.

हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीला 5 मिलिमीटरचा फुगवटा होता. दीड वर्षाने माप नॉर्मल आलं, ॲस्पिरिन थांबलं. तुझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. डॉक्टर पुढेही बोलले होते: फुगवटा मावळला तरी ती भिंत पूर्वीसारखी होत नाही. आतून जाड होते, वाट अरुंद होऊ शकते, गुठळी अडकू शकते. कोलेस्टेरॉल, साखर सगळं उत्तम असलेल्या विशी-तिशीतल्या मुलाला अटॅक येतो, तो असाही. म्हणून ऑफिसच्या तपासणीतले तुझे ते रक्ताचे आकडे मला नको ऐकवूस.

छाती भरून आली, जबडा किंवा हात दुखला, तर ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन झोपायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि आधी कावासाकीचं सांगायचं. तुझ्या वयाकडे बघून कुणाच्या मनात हृदय येणार नाही. सिगारेटचं विचारत नाही. विचारलंच की. चुकलं माझं.

पिवळी फाईल पाठवतेय. शेवटचा इको तू सोळाचा असतानाचा. त्यामागे पुढची तारीख माझ्या अक्षरात आहे, आणि खोडलीयही मीच. बारावी होती तुझी. परीक्षा झाल्यावर जाऊ म्हटलं, मग तू हॉस्टेलला गेलास.

अपॉइंटमेंट घेतलीस की कळव. नाही घेतलीस तरी फोन कर.

तुझी,
आई