तंतुकणिका आणि चिलटातला कांदा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे जीवशास्त्र शिकवताना मी फळ्यावर तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) काढली ती नेहमी एकाच पद्धतीने: शेंगेसारखा लांबट आकार, आत नागमोडी घड्या आणि शेजारी ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ ही अक्षरे. २००५ च्या सुमारास नववीतल्या एका मुलीने विचारले, की पेशीत अशा शेकडो तंतुकणिका दाटीवाटीने असतात, तर त्या एकमेकींत मिसळून जात नाहीत का? प्रत्येकीला स्वतःचे दुहेरी पटल असते, त्यामुळे नाही, असे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. ते उत्तर चूक होते आणि एका चिलटामुळे तसे सिद्ध होऊन आठ वर्षे उलटली होती.

चिलट म्हणजे पिकलेल्या केळ्यांच्या फणीवर घोंगावणारी, जेमतेम तीन मिलिमीटरची ड्रॉसोफिला. (आंबा-पेरूच्या बागायतदारांना छळणारी आणि मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात पकडली जाणारी फळमाशी निराळ्या कुळातली, बातम्यांमध्ये दोघींची हमखास गल्लत होते.) एवढ्याशा या किड्याच्या नराचा शुक्राणू मात्र सुमारे १.८ मिलिमीटर लांब असतो. तो घडताना एका टप्प्यावर पेशीतल्या साऱ्या तंतुकणिका केंद्रकाशेजारी गोळा होतात, विलीन होत होत त्यांच्या दोनच मोठ्या तंतुकणिका उरतात आणि त्या दोघी थरावर थर घेत एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा गोळा थेट कांद्याच्या आडव्या चकतीसारखा दिसतो. पुढे शेपटी वाढते तसा हा कांदा उलगडून तिच्या लांबीभर पसरतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅरेन हेल्स आणि मार्गारेट फुलर यांनी १९९७ मध्ये अशा चिलटांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचे नर वंध्य होते. त्यांच्या तंतुकणिका गोळा होत, पण विलीन होत नसत, आणि कांदा विस्कटलेला दिसे. म्हणून बिघडलेल्या जनुकाला नाव मिळाले ‘फझी ओनियन्स’, म्हणजे धूसर कांदे. या जनुकापासून बनणारे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्य पटलात रुतलेले असते आणि जीटीपी या रेणूचे विघटन करून दोन पटले सांधण्याचे काम करते. जीटीपी हाताळणारा त्याचा भाग बिघडला की विलीनीकरण थांबते. तंतुकणिकांचे विलीनीकरण घडवणारे हे पहिलेच ज्ञात प्रथिन होय.

हे सारे चिलटाच्या वृषणापुरते राहिले असते तर मी पत्र लिहिले नसते. चिलटाच्या इतर ऊतींत याच घराण्यातले मार्फ नावाचे प्रथिन असते आणि आपल्या पेशींत मायटोफ्युजिन १ व २ असतात. तंतुकणिका जुळतात तेव्हा त्यांच्यातली प्रथिने आणि डीएनए यांची देवाणघेवाण होते, त्यामुळे एकीतली उणीव दुसरीकडून भरून निघते; मग त्या पुन्हा विभागतात, आणि हे अखंड चालू असते. मायटोफ्युजिन २ च्या जनुकातील दोषांमुळे शार्को-मारी-टूथ या मज्जातंतूंच्या विकाराचा ‘२ अ’ हा प्रकार होतो, हे २००४ मध्ये उघड झाले. त्यात पावलांचे आणि पुढे हातांचे स्नायू दुबळे होतात. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब असतो आणि त्याच्या टोकापर्यंत तंतुकणिका पोहोचाव्या लागतात, हे लक्षात घेतले की पावलांपासूनच सुरुवात का होते याचा अंदाज येतो.

‘ऊर्जाकेंद्र’ हा शब्द खुशाल राहू द्यावा. माझी तक्रार त्या सुट्या, स्थिर शेंगेच्या चित्राविषयी आहे. आपल्या विद्यार्थी पुरवणीत जिवंत पेशीतल्या तंतुकणिकांच्या जाळ्याचे एक छायाचित्र आणि त्याशेजारी चिलटातला तो कांदा छापता आला तर पाहावे. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत चिलटांवर संशोधन चालते. तेथील अभ्यासकांकडे विचारणा करता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा