स्मरण : १ मार्चची सभा

सर्व सभासदांना नमस्कार,

१ मार्चला संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत जमायचे आहे. विषय ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट.

१९५४ साली याच दिवशी पहाटे अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज ६ मेगाटनचा होता, स्फोट १५ मेगाटनचा झाला. जपानच्या याइझू बंदराची ही ट्यूना मासे पकडणारी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तरी काही तासांत तिच्यावर पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळाची किरणोत्सारी भुकटी होती. २३ खलाशी त्या राखेतच गळाच्या दोऱ्या ओढत राहिले. पुढे कातडी भाजली, केस गळले. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले, वयाच्या चाळिशीत. बिकिनीजवळच्या रोंगेलाप बेटावरच्या रहिवाशांवरही तीच राख पडली होती. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो, या वेळी बोलूच.

२ एप्रिल १९५४ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. ते भाषण मिळाल्यास वाचून या. मच्छीमार कुटुंबांतल्या सभासदांनी तर आवर्जून यावे.

— कार्यवाह