जुन्या भिंतीवर स्लॅब टाकण्याआधी

मा. संपादक महोदय,

इटलीतली पडकी शेतघरं आणि इंग्लंडमधली धान्याची कोठारं विकत घेऊन ती राहती करणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली आपल्याकडंही आवडीनं पाहिले जातात. सुट्टीत गावी आलेली पोरं ते दाखवून ‘आपलंही माळवद असंच करू’ म्हणतात. माळवद म्हणजे सागवानी खांब-तुळयांवर मातीचं जाड छत असलेलं आपलं जुनं दगडी घर. विचार चांगला आहे. मात्र लातूर-धाराशिवकडच्या औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात दुरुस्ती म्हणून जे चाललंय ते असं: माती उपसायची, सागवानी खांब-तुळया विकायच्या आणि त्याच दगडी भिंतींवर स्लॅब ओतायचा. इटलीत नेमकं हेच झालं होतं. लाकडी छतं काढून जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटची छतं टाकली गेली. २६ सप्टेंबर १९९७ ला उंब्रिया-मार्के भागात भूकंप झाला आणि अशी कितीतरी ‘मजबूत केलेली’ घरं बसली. छत अखंड राहिलं, खालची भिंत विस्कटली. आपल्या किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा चार वर्षं व्हायला चार दिवस बाकी होते.

किल्लारीनंतर ‘दगड-मातीचं घर म्हणजे मरण’ अशी धास्ती बसली आणि ती समजण्यासारखी आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अनेक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. माणसं गेली ती ढासळलेल्या भिंतींच्या दगडांखाली. आपली दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि चिखल. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. हादरा बसला की थर सुटे होऊन एक आत आणि एक बाहेर पडतो.

छताच्या वजनाचा हिशेब करून पाहावा. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट पांढरी माती असेल तर ती कोरडी असतानाच दहा टनांच्या पुढं जाते, भिजली की आणखी. दर पावसाळ्याआधी वरून थोडी थोडी माती टाकत पिढ्यानपिढ्या हा थर वाढलेला असतो. ती आठ इंचांवर आणली तर वजन साडेतीन टनांवर येतं. पाच इंची स्लॅबही तेवढाच, साडेतीन टनांचा. मग बिघडतं कुठं? माळवदाचं बरंचसं वजन खांबांवरून उथाळ्यात, म्हणजे खांबाखालच्या दगडात, आणि तिथून जमिनीत जातं. खांब काढून स्लॅब टाकला की ते सगळं बांधणी नसलेल्या भिंतीवर येतं, त्यातही जास्त आतल्या थरावर. वजन तेवढंच राहतं, ते पेलणारा मात्र बदलतो.

त्यामुळं काम सुरू करायचं ते छतापासून, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आधी प्रत्येक तुळईला खालून टेकू. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची. एका कोपऱ्यात ढीग घातला तर ती तुळई तिथंच बसते. लाकूड मोकळं झालं की भिंतीत गेलेली टोकं तपासावीत. मध्ये खणखणीत असलेली तुळई टोकाला हमखास कुजलेली असते, कारण तिथं ओल कायम असते आणि उधई तिथूनच शिरते. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला तर तेवढं टोक कापायचं आणि भिंतीलगत नवा खांब देऊन तुळई त्यावर घ्यायची. आख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. खांब-तुळईच्या सांध्याला दोन्हीकडून तिरके लाकडी हात बोल्टनं आवळले की सांगाडा कलंडत नाही.

नंतर किलचनावर, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांच्या थरावर, दोन इंच मातीची बैठक, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, कागदावर भुसा घालून मुरवलेली सहा इंच माती, दोन थरांत चोपून. कागद कठड्याच्या आत वर वळवायचा आणि पनाळातून, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून, बाहेर काढायचा. इथं कंजुषी केली की पाणी कागदावरून वाहत थेट भिंतीच्या पोटात उतरतं. उतार दहा फुटांना तीन इंच. साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, बुजवू नये, त्याभोवती वीतभर उंच कड घ्यावी.

आता भिंत. ओळंबा लावून पाहावा. पोट सुटलेला भाग तेवढा उतरवून पुन्हा रचावा लागतो, त्याला इलाज नाही. सरळ भिंतीत मात्र बांधणी नंतरही घालता येते. आडवं दर चार फुटांवर आणि उभं दर दोन फुटांवर दगड ढिला करून तीन इंची आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ मिलिमीटरची सळई घालायची आणि एकास दोन-चारच्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटनं भरायचं. दहा बाय दहाच्या भिंतीला अशी दहा-बारा भोकं लागतात. घण मारायचा नाही, पहारीनं हळूहळू माती मोकळी करायची. आणि शेजारशेजारची दोन भोकं एका दिवशी पाडायची नाहीत. गवंडी घाई करतो ती नेमकी इथंच. दारांच्या वर घरभर फिरणारा जाळी-सिमेंटचा पट्टा, कोपऱ्यांवर सलग, हेही हवंच. त्याचं मोजमाप भारतीय मानक १३९३५ मध्ये दिलेलं आहे.

दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरू नये. भिंत घट्ट दिसते खरी, पण आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, गाभ्यातला चिखल मऊच राहतो आणि चार-पाच पावसाळ्यांत पोट सुटतं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या इमारतींची होणारी मोडतोड थांबावी म्हणून इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली संस्था काढली. ती आजही जुन्या भिंतीला चुनाच वापरा म्हणून सांगते. आपल्याकडं चुनकळी (भाजलेली चुनखडी) विरघळवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवावी. एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग विटांची सुरखी म्हणजे भुकटी. दरज इंच-दीड इंच खोल खरवडून आणि पाणी मारून मगच भरावी. रंगाच्या दुकानातली चुन्याची फक्की इथं चालत नाही, ती उघड्यावर राहून मेलेली असते.

एका बाबतीत परदेशाची नक्कल नको. तिकडं चुन्याचा वैरी हिमकडाका, म्हणून ते उन्हाळा गाठतात. आपल्याकडं मे महिन्यात लावलेला चुना दोन दिवसांत सुकून भुगा होतो. छत उन्हाळ्याच्या तोंडावर, चुना दिवाळीनंतर, आणि आठवडाभर ओली पोती. म्हणजे एक घर दोन हंगामांचं काम आहे. ठेकेदाराला ते परवडत नाही म्हणून तो स्लॅब सुचवतो.

काळ्या रानात जोत्याला लागून न्हाणी किंवा शोषखड्डा ठेवू नये. माती फुगते-आकसते आणि कोपरा फाटतो.

घरकुलाचं अनुदान नव्या घरासाठी मिळतं. तसंच दुरुस्तीलाही काही मिळावं आणि जिल्हा परिषदेनं निदान तालुक्यागणिक दहा गवंड्यांना हे काम शिकवावं. भूकंपानंतर शिकलेले गवंडी आता साठीच्या पुढं गेलेत. आणि गावोगाव फिरणारे जुन्या लाकडाचे व्यापारी दारात आले, तर माळवदाखालचा एकही खांब टेकू दिल्याशिवाय हलवू देऊ नये. नक्षीचा मधला खांब ते आधी मागतात, आणि सगळ्यात जास्त वजन त्याच्यावरच असतं.

– एक वाचक, औसा (जि. लातूर)